शिरपूरचे वेळापत्रक

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात शिरपूर आहे आणि शिरपूरला भुयारातल्या गाभाऱ्यात अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती आहे. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अशी श्रद्धा. एकेकाळी तिच्याखालून घोडेस्वार निघून जाई, आता जेमतेम कापड सरकेल एवढी फट उरली, असे जुने लोक सांगत आले. ती पाषाणाची नव्हे, वाळू आणि शेणाची, असेही परंपरा सांगते. एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, ईल राजा (त्याला कोणी श्रीपाल म्हणतात) पाण्यात हातपाय धुतो, त्याचा रोग बरा होतो, त्या पाण्यातून मूर्ती निघते आणि नेताना राजाने मागे वळून पाहिले म्हणून ती वाटेतच अधांतरी राहते, अशी तिची कथा. कथा जैनांच्या दोन्ही पंथांना मान्य आहे, आणि तंटाही त्या दोघांतच आहे. श्वेतांबर आणि दिगंबर यांच्यातला हा वाद अकोल्याहून नागपूरला, नागपूरहून लंडनला गेला, परत वऱ्हाडात आला आणि शेवटी दिल्लीला पोचला. शंभरावर वर्षांच्या या कज्ज्यात निकालपत्रांचे भारेच्या भारे जमले. पण देवळातला रोजचा दिवस चालत होता तो त्यांतल्या एकाही निकालाने घडवलेला नव्हता. १९०५ साली दोन्ही पंथांच्या लोकांनी आपापसांत बसून पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. ते वेळापत्रक सगळ्या निकालांना पुरून उरले. ते का टिकले आणि कुठे अपुरे पडले, या दोन प्रश्नांचे उत्तर मला एकच दिसते. त्या मंडळींनी फार लहान प्रश्न हाती घेतला होता.

त्या सालाभोवतीची राजकीय हवा ध्यानात ठेवावी लागते. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, वहिवाट इंग्रजांची. १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडले गेले, म्हणूनच अकोल्याच्या दाव्याचे अपील नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे जाऊ लागले. १९०५ मध्ये बाशीम, म्हणजे वाशीम, हा जिल्हाच मोडला आणि शिरपूर अकोला जिल्ह्यात आले. कचेरी बदलली, दप्तर हलले, साहेब नवा. अशा वेळी हक्काचा कागद हाताशी असावा असे कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याला वाटणारच, आणि दोन्ही बाजूंना व्यापारीच होते. गुजरातकडून आलेली श्वेतांबर घराणी आणि कारंजा-अकोला पट्ट्यातली लाड वगैरे दिगंबर घराणी, दोघेही सरकी-कापसाच्या व्यवहारात मुरलेले. रुजवात, हप्ता आणि मुदत म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

पण त्यांना एकत्र बसवले ते पोळकरांनी. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती आणि पुजारीपण पिढ्यान्‌पिढ्या पोळकर नावाच्या मराठा सेवेकऱ्यांकडे होते. विसाव्या शतकाच्या तोंडाशी ते देऊळ आपलेच समजू लागले, तेव्हा दोन्ही पंथ एक झाले आणि कोर्टकचेरी करून त्यांनी पोळकरांचा ताबा काढला. शत्रू एक असला की मैत्री सोपी. शत्रू गेल्यावर उरले दोघे मित्र आणि एक किल्ली. १९०५ चे वेळापत्रक या रिकाम्या जागेतून आले. कोणत्या वेळी कोणत्या पंथाने आपल्या विधीने पूजा करायची, एवढेच त्यात ठरले. देऊळ कोणाचे आणि मूर्ती मुळात कोणत्या पंथाची, हे त्यात नाही.

इतका लहान करार कशावर उभा राहतो, हे लक्षात येण्यासाठी जरा लांब जाऊन यावे लागेल. १९९३ च्या डिसेंबरात जॉर्डनमधल्या पेट्रा इथे एका बायझंटाइन चर्चच्या अवशेषांत जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या सुमारे १४० गुंडाळ्या सापडल्या. ज्या आगीने चर्च गेले तिनेच कागद टिकवले, कारण करपलेला पपायरस कुजत नाही. गुंडाळ्यांचा मालक थिओडोरोस, ओबोडिआनोसचा मुलगा, हा त्या चर्चचा वरिष्ठ सेवक. त्यातला एक मोठा दस्तऐवज सन ५७४ चा आहे. जवळच्या सदका नावाच्या गावात थिओडोरोस आणि त्याचा शेजारी स्टेफानोस यांच्यातले पाण्याचे, भिंतीचे, द्राक्षमळ्याचे जुने तंटे लवादांपुढे आले आणि शपथा घेऊन मिटवले गेले, त्याचा तो कागद. अशा तडजोडीच्या कागदाला ग्रीकमध्ये ‘डायालिसिस’ म्हणत. आज मूत्रपिंडाच्या रोग्याला जे करतात त्याचा आणि याचा शब्द एकच आहे, आणि सोडवणे, वेगळे करणे हा अर्थही फार दूर गेलेला नाही. सम्राट जस्टिनियनच्या कायद्यात लवादाचा निवाडा पाळण्याची हमी दंडाच्या करारातून मिळे. दोन्ही पक्षकार आधीच एकमेकांना वचन देत की निवाडा मोडला तर अमुक इतका दंड भरू. आपल्या मराठी मुलखातली गोतसभा याहून वेगळी नव्हती. वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे पंच सांगतील ते मान्य, असा लेख देत, जामीन उभे करीत, मग महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई, आणि हरलेला हार कबूल करणारे यजितखत लिहून देई. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायत हेच मराठी राज्यातल्या दिवाणी न्यायाचे मुख्य साधन म्हणून नोंदले ते याचसाठी. बायझंटियमचा दंड आणि आपला जामीन, दोन्हींत भिस्त पंचांच्या शहाणपणापेक्षा आधी दिलेल्या शब्दावर अधिक होती.

शिरपूरच्या १९०५ च्या व्यवहाराला लवाद म्हणायचे का, असा आक्षेप इथेच येईल. मधे तिऱ्हाईत पंच बसलेले नाहीत, निवाडा झालेला नाही, दोन्ही बाजूंनी आपसांत कागद केला. मग ही फार तर तडजोड. आक्षेप बरोबर आहे, पण त्याने फारसे बिघडत नाही. पेट्राच्या कागदातही लवादाचा निवाडा आणि पक्षकारांची कबुली एकाच लेखात मिसळलेली आहे. गोतसभेच्या महजरातही ‘दोघांनी मान्य केले’ हाच गाभा, नावे किती का असेनात. खरा फरक निराळा आहे आणि तो शिरपूरकरांच्या विरुद्ध जातो. बायझंटाइन काळातल्या चर्चकडे सही करायला माणूस होता. कॅल्सिडनच्या ४५१ च्या धर्मसभेने तर प्रत्येक बिशपच्या चर्चला एक कारभारी असलाच पाहिजे असा नियम केला, कारण चर्चची मालमत्ता आणि बिशपचा खिसा यांत अंतर राहावे. जस्टिनियनने ५३५ मध्ये चर्चची जमीन विकण्या-गहाण टाकण्यावर बंदी घातली, तेव्हा कारभाऱ्याचे हात आणखी बांधले गेले. मालमत्ता देता येत नव्हती, पण वापर ठरवून घेता येत होता, आणि कोणी ठरवायचे हे निश्चित होते. शिरपूरच्या पंथांकडे असा कारभारी नव्हता. दिगंबरांच्या भट्टारकांची, म्हणजे मठाधिपतींची, पीठे कारंज्याला पूर्वी होती खरी. पण कापसाच्या पैशावर उभ्या झालेल्या गावोगावच्या मंडळींना कोणा एकाच्या सहीत बांधता येत नव्हते. कागद ज्यांनी केला ते प्रतिनिधी म्हणवत, आणि प्रतिनिधीची सही दुसऱ्याच दिवशी कोणीतरी नाकारतो.

तरी वेळापत्रक चालले ते घड्याळामुळे. तास हे असे माप आहे की त्यावर वाद घालता येत नाही. तुमची वेळ संपली, आमची सुरू झाली, दोघांनाही दिसते. तुमच्या वेळेत तुम्ही काय म्हणता, कोणता मंत्र, कोणती आरती, हे मला मान्य करण्याची गरजच उरत नाही. जे अंगावरून काढता-घालता येते त्यालाही हे लागू पडते. श्वेतांबर मूर्तीला डोळे, टिळा, मुकुट लावतात, दिगंबरांना मूर्ती उघडी हवी. आपल्या पाळीला लावा, दुसऱ्याच्या पाळीला काढा. पण जे काढता येत नाही त्याचे काय? वाळू आणि शेणाच्या मूर्तीला वर्षांगणिक झीज लागते आणि तिच्यावर लेप द्यावा लागतो. लेपात कमरेचे कटिसूत्र आणि कच्छोटा, म्हणजे वस्त्राच्या खुणा, दाखवायच्या की नाही? श्वेतांबरांच्या म्हणण्याप्रमाणे त्या मूर्तीवर मुळातच होत्या, दिगंबरांना त्या मूर्तीचे दिगंबरत्व झाकणाऱ्या. सकाळच्या पाळीत घातलेला लेप संध्याकाळच्या पाळीत तसाच असतो. वेळ वाटता आली, पण लेप वाटता येईना. तीन वर्षे जुना असलेला हा करार १९०८ मध्ये इथेच अडकला. त्या वर्षी मूर्तीला लेप झाला, आणि पुढल्या वर्षी तो लोखंडी हत्याराने खरवडून कटिसूत्र वगैरे पुसल्याचा आरोप श्वेतांबरांनी केला. १९१० मध्ये त्यांनी अकोल्याच्या अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांपुढे दावा लावला.

हे पाहिल्यावर तडजोडीच्या विरोधकांना जोर येतो. कागद असा तकलादू की चार वर्षांत फुटला, मग त्याचे कौतुक कसले? उलट प्रश्नाच्या मुळाला हात न लावता तासांचा खेळ मांडला, म्हणून आग आत धुमसत राहिली, असेही म्हणता येईल. ही टीका वजनदार आहे. पण कोर्टाने मुळाला हात लावला तेव्हा काय झाले तेही पाहावे. आठ वर्षांनी, १९१८ च्या मार्चमध्ये अकोल्याचा निकाल लागला आणि त्याने दोन्ही बाजूंचे समाधान झाले नाही. दोघांनीही अपील केले. १ ऑक्टोबर १९२३ ला नागपूरच्या कमिशनरने व्यवस्थापन एकट्या श्वेतांबरांचे ठरवले. दिगंबर लंडनला गेले. प्रिव्ही कौन्सिलने ९ जुलै १९२९ ला होनासा रामासा विरुद्ध कल्याणचंद लालचंद या दाव्यात त्यांचे अपील फेटाळले. देऊळ आणि मूर्तीची व्यवस्था श्वेतांबरांकडे, मूर्तीला कटिसूत्र, कच्छोटा आणि लेप देण्याचा त्यांना हक्क, आणि दिगंबरांचा पूजेचा हक्क? तो १९०५ च्या वाटणीप्रमाणे. लंडनच्या न्यायाधीशांना इतका लांबचा प्रश्न हातात आला आणि त्यांनी रोजच्या वहिवाटीपुरते त्याच मंडळींचे वेळापत्रक तसेच ठेवले. १९०५ च्या करारातून श्वेतांबरांनी व्यवस्थापनाचा हक्क सोडला, असा अर्थ निघत नाही, हेही याच निकालातून ठरले. म्हणजे तडजोड केल्याने हक्क जातो ही भीती इथे तरी खरी ठरली नाही, आणि हक्क सिद्ध झाल्याने तडजोड संपते असेही झाले नाही.

याच काळात लंडनमध्ये दुसरा एक भारतीय खटला आला होता, आणि तो शिरपूरच्या शेजारी ठेवला की बरेच कळते. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या मलिक घराण्यातल्या कुलदेवतेचा प्रश्न होता. पूजेची पाळी आली की मूर्ती आपल्या घरी नेता येते का? न्यायाधीशांनी मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानले आणि तिचे हित तिऱ्हाईत मित्राकरवी बघावे, असे सांगितले. कल्पना वकिलाला सुंदर वाटेल. पण वाळूच्या मूर्तीचे हित काय, हे सांगणारा तिऱ्हाईत शिरपूरला कुठून आणणार? तो तिऱ्हाईत एकेकाळी तिथे होता, आणि त्याला दोघांनी मिळून घालवले होते. याच्या उलट जेरुसलेमच्या पवित्र समाधीच्या चर्चमध्ये घडले. ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन, कॉप्ट आदी पंथांचे भांडण संपेना म्हणून उस्मानी सुलतानाच्या १८५२ च्या फर्मानाने सगळे ‘जसे आहे तसे’ ठेवले. कोणती वेळ कोणाची, कोणता दिवा कोणाचा, कोणती पायरी कोणी झाडायची हे ठरलेले, आणि मुख्य दाराची किल्ली एका मुस्लिम घराण्याकडे. मुसलमानाकडे किल्ली असणे म्हणजे ख्रिस्ती पंथांचा पराभव नव्हता. ती एकमेकांकडे न जाता तिसऱ्याकडे राहिली, इतकेच. तिथली एक शिडी खिडकीखाली तशीच उभी आहे, कारण ती कोणाची हे ठरत नाही. पोळकरांची किल्ली काढून घेताना शिरपूरच्या दोन्ही पंथांना वाटले असेल की तिढ्याचे मूळ गेले. व्यवस्थेतला तिसरा हातच गेला होता, हे त्यांना तेव्हा कळणे अवघड होते.

आता सर्वांत मोठा आक्षेप. १९२९ नंतर तरी कोर्टाचा शब्द अंतिम झाला ना? मग पुढे वाद का? पुढे कित्येक वर्षे लेपाचे, वेळेच्या अंमलाचे, देवळाच्या इतर भागांचे दावे होतच राहिले. शेवटी १९८१ मध्ये दोन्ही बाजूंत हाणामारी होऊन मंदिराला कुलूप लागले. भाविकांनी एका झरोक्यातून दर्शन घेतले, तेही बेचाळीस वर्षे. यातून दोन टोकाचे निष्कर्ष निघतात. एक, कोर्टाचा उपाय नाही. दोन, तडजोडीचाही उपाय नाही. मला दोन्ही पटत नाहीत. कोर्टाने ‘कोणाचे’ हा प्रश्न सोडवला, आणि तो सुटायला हवा होता, कारण मालक ठरल्याशिवाय डागडुजीचा पैसाही कोण देणार हे ठरत नाही. वेळापत्रकाने ‘केव्हा’ हा प्रश्न सोडवला. ‘कसे’ हा प्रश्न दोघांनीही एका अर्थी सोडवला नाही. कोर्टाने त्यावर हुकूम केला. पण हुकमाने श्रद्धा जिंकता येत नाही, हे जेवढे दिगंबरांना लागू तेवढेच उलट झाले असते तर श्वेतांबरांनाही लागू झाले असते. यात पंथांचा हट्ट दिसतो, पण कारण जरा सखोल आहे. वस्त्र अंगावर असणे-नसणे हाच ज्यांच्यातला पंथभेद, त्यांना मूर्तीच्या कमरेचा दोरा ही बारीक बाब असणार कशी? जितके क्षेत्र घड्याळाने मोजता येते तितके लवादाला द्यावे, आणि उरलेले कोर्टाने ठरवावे, असा हिशेब इथे सांगता येतो, पण उरलेला तुकडा नेमका तोच निघतो ज्यावर कोणी माघार घेत नाही.

आजचा कायदा या बाबतीत सावध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अ‍ॅफकॉन्सच्या निकालात, अनेकांच्या वतीने लावलेले सार्वजनिक हिताचे दावे लवाद किंवा मध्यस्थीला सहसा योग्य नसतात, असे सांगितले. २०१६ च्या विमल किशोर शहा निकालात न्यासाच्या कायद्याखालचे तंटे लवादाला देता येत नाहीत असे ठरले. अयोध्येसाठी मार्च २०१९ मध्ये तिघांची मध्यस्थ समिती नेमली गेली, ती मिटवू शकली नाही आणि नोव्हेंबरात निकालच द्यावा लागला. या सगळ्यामागची शंका शिरपूरच्या अनुभवाने पुष्ट होते. सही करणारा कोण, आणि त्याने दिलेला शब्द ज्यांच्या वतीने दिला ते पाळतील काय? पेट्राच्या थिओडोरोसला हा प्रश्न पडला नसावा. त्याचा आणि शेजाऱ्याचा करार होता, द्राक्षमळा एका घराचा, शपथ एका माणसाची. देवळाच्या तंट्यात सही करणाऱ्याच्या मागे हजारो लोक असतात आणि त्यातले कित्येक अजून जन्मलेले नसतात. पण याच कारणाने १९०५ चा कागद अधिक कौतुकाचा ठरतो. सही करणाऱ्यांची नावे विसरली गेली, त्यांच्या नातवांचा झगडा झाला, आणि तरी वेळा त्याच राहिल्या. जो हक्क ‘कायमचा’ म्हणून लिहिला गेला नाही, तोच राहिला. रोज दोन्ही बाजूंना त्याचा काहीतरी फायदा होता म्हणून.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, श्वेतांबर व्यवस्थापनाला लेपाची मुभा दिली, आणि मार्चमध्ये कुलूप उघडले. उघडल्याला पंधरवडाही झाला नाही तोच दोन गटांत पुन्हा बाचाबाची आणि मारामारी झाल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे बंद दाराने सोडवलेला प्रश्न एकही नव्हता. लेप नव्याने बसेल, पुन्हा झिजेल, कारण मूर्तीचे द्रव्यच तसे आहे. तेव्हा तो कोणाच्या देखत, कोणत्या दिवशी, कटिसूत्राची रेघ किती उंच ठेवून द्यायचा, हे पुन्हा दोघांपुढे येणार. ते ठरवायला बसतील तेव्हा गाभाऱ्यातली घंटा कोणाच्या वेळेची वाजते आहे, हे मात्र त्यांना विचारावे लागणार नाही.